जोडफळी

“पुढचा!”

मी ओरडलो, आणि पुढच्यानं माझ्या गळ्यात हात टाकून स्वतःला माझ्या अंगावर सोडून दिलं. त्याला उचलून मी उजवीकडच्या साकवावर ठेवला, दप्तर त्याच्या मागोमाग ठेवलं आणि पुन्हा डावीकडे वळलो. “पुढचा!”

मी पऱ्याच्या मधोमध, कातळाच्या फटीत, गुडघाभर पाण्यात उभा होतो. डाव्या बाजूनं एक साकव येऊन माझ्या छातीपाशी संपत होता. उजव्या बाजूनं दुसरा साकव येऊन तोही तिथंच संपत होता. मधल्या अडीच हातांत काही नव्हतं. म्हणजे मी होतो.

अकरा पोरं होती. दहा झाली. अकरावी डावीकडच्या टोकावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“गुरुजी, बाजूला व्हा. मी उडी मारते.”

“शेवंते, गपचूप ये.”

“मी काय बारकी हाय? तिसरीत हाय मी.”

“तिसरीतल्यांनीही उडी मारायची नाही.”

“काल मारली की. तुमी बगितलात नाय.”

“काल कधी?”

“तुमी बारक्याचं नाक पुसत होतात तवा.”

पलीकडे पोचलेली दहाही पोरं खिदळली. मी तिला बखोटीला धरून उचललं आणि पलीकडे ठेवलं. शेवंती घवाळी त्या शाळेतली एकमेव व्यक्ती होती जिला मी उचलून घेतल्याचा राग येई. बाकीची अंगावर येताना लाडात येत. ही मात्र पोत्यासारखी अंग ताठ करून यायची.

जून १९७९. रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबशेत नावाचं गाव, आणि त्या गावातल्या एकशिक्षकी शाळेतला एक शिक्षक म्हणजे मी, दिगंबर सोनटक्के, राहणार बार्शी. आदल्या दिवाळीनंतर रुजू झालो होतो. वय चोवीस. त्या वयात माणसाला जग हास्यास्पद वाटतं आणि स्वतः तेवढा शहाणा. मला तर जरा जास्तच वाटत असे.

साकव म्हणजे लाकडाचे वासे आणि बांबू बांधून केलेला पूल. पऱ्या म्हणजे ओढा. उन्हाळ्यात कोरडाठाक, पावसाळ्यात डोंगरातून धावत येणारा. शाळा खालच्या वाडीत होती. पलीकडच्या वाडीतल्या अकरा पोरांना शाळेत यायचं तर पऱ्या ओलांडूनच यायला हवं. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी दोन्ही वाड्या मिळून साकव घालत. आपापल्या काठापासून मधल्या कातळापर्यंत आपापले वासे टाकायचे, आणि मग मधली जागा एका जाड फणसाच्या फळीनं जोडायची. तिला जोडफळी म्हणत. ती वर्षभर देवळात ठेवलेली असे. तिची रीत अशी की एक टोक खालच्या वाडीच्या माणसानं धरायचं आणि दुसरं पलीकडच्या वाडीच्या. दोघांनी मिळून ती देवळातून आणायची, दोघांनी मिळून ठेवायची. एकट्यानं तिला हात लावायचा नाही.

त्या वर्षी शिमग्याला पालखी खालच्या वाडीत रेंगाळली. पलीकडे पोचायला दिवस कलला. पलीकडच्या बायांनी ताटं घेऊन सकाळपासून वाट पाहिली आणि शेवटी आत नेऊन ठेवली. पालखी पोचली तर अंगणात कुणी नाही. खालच्या वाडीचं म्हणणं, देव आला आणि तुम्ही पाठ फिरवलीत. पलीकडच्या वाडीचं म्हणणं, तुम्ही देवाला अडवून ठेवलंत. देवाचं काय म्हणणं होतं ते कुणी विचारलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी खालच्या वाडीनं आपला अर्धा साकव बांधला. उत्तम बांधला, धरायला दोन्ही बाजूंनी बांबू. चार दिवसांनी पलीकडच्यांनी आपला अर्धा बांधला. तोही उत्तम, बांबूला वरून सुंभाची वेणी. दोन्ही बाजूंचं काम इतकं चांगलं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. जोडफळी देवळात राहिली. तिचं दुसरं टोक धरायला दोन्हीकडून कुणी येईना.

मी दोन्हीकडे गेलो. आधी खालच्या वाडीचे मानकरी दाजी पाष्टे यांच्याकडे. दाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

“दाजी, ती फळी.”

“कंची?”

“देवळातली. पोरं ओलांडणार कशी?”

“आमी कुठं नको म्हनतोय?” दाजी म्हणाले. “आमचा मानूस तयार हाय. आता या क्षनाला उठेल. फकस्त तेंच्याकडनं एक जन येऊ दे, न् म्हनू दे की चला दाजी, फळी घालूया.”

“एवढंच?”

“येवढंच.”

मी काठाकाठानं खाली जाऊन, दगडांवरून पऱ्या ओलांडून पलीकडच्या वाडीचे मानकरी भागोजी गोताड यांच्याकडे गेलो. भागोजी गोठ्यात होते. त्यांनी मला घोंगडं अंथरून दिलं, ताक दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

“गुरुजी, तुमी घाटावरचे. तुमाला राग नाय यायचा म्हनून सांगतो. पालखी कोनी अडवलान?”

“ते जाऊ द्या. पोरं...”

“पोरं आमचीच हायत. आमाला नाय काळजी? आमचा मानूस धुतलेलं धोतर नेसून बसलाय. फकस्त दाजीनं यायाचं न् म्हनायचं, भागोजी, चला.”

“म्हणजे त्यांनी यायचं.”

“मग? आमी जायाचं?”

“मी एकटा फळी उचलून नेतो.”

भागोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवालाच पाठीवर घालून बार्शीला नेतो म्हणालो. “आनि दुसरी कसली फळी टाकू नका हां मधे. आमची फळी नाकारली असं व्हईल. ह्ये दोनी वाड्यांचं तुमाला सांगतो. येवढ्यावर आमचं एकमत हाय.”

म्हणून मी पाण्यात उतरलो. शाळा उघडली त्या दिवशी अकरा पोरं डाव्या टोकावर येऊन उभी राहिली तेव्हा दुसरा काही विचार न करता मी धोतर खोचलं आणि फटीत उभा राहिलो. साडेदहाला एकदा, पाचला एकदा.

आता हे सांगितलं पाहिजे, की त्यात मला मजा वाटू लागली होती. दोन्ही काठांवर माणसं येऊन उभी राहत. आठवडाभरात खालच्या वाडीनं माझ्यासाठी भाकरीबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा पाठवायला सुरुवात केली. पलीकडच्या वाडीनं आमसुलं दिली, मग फणस दिला, मग एकदा कोंबडा दिला. दोन्ही वाड्या एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, पण गुरुजी या विषयावर दोन्हींचा एकच सूर होता.

शेवंतीची आई सुंदरावहिनी रोज साकवापर्यंत येई. नवरा मुंबईला गिरणीत, घरात या दोघीच. एकदा पोरं पार झाल्यावर ती पलीकडच्या टोकावरून म्हणाली, “गुरुजी, तुमी हायत म्हनून धाडतो हो. नायतर मी हिला घरात बसवली असती.”

मी नुसता हात वर केला. मोठी माणसं करतात तसा.

जूनच्या शेवटी एका दुपारी, पाढे चालले असताना, शेवंती उठून उभी राहिली. तिच्या हातात सुंभाची दोरी होती. दोरीच्या मधे एक गाठ.

“गुरुजी, आपला फळा किती लांब हाय?”

“पाढे म्हण.”

“बगा तर.” तिनं दोरीचं टोक फळ्याच्या एका कडेला लावलं आणि दुसऱ्या कडेपर्यंत ताणत नेली. “ही गाठ म्हंजे मधली जागा. कालच मोजली मी. गाठीच्या पुढं फळा येवढा उरतोय. दोनी बाजूंना वीत-वीत टेकतोय. आपला फळा टाकूया ना मधे.”

एकतीस पोरं फळ्याकडे पाहू लागली. जाड सागवानी फळा होता, दोन माणसं आरामात पेलील असा. आणि तो ना खालच्या वाडीचा होता ना पलीकडच्या. शिवाय फळी नव्हे, शाळेचा फळा; तो टाकला तर कुणाची फळी नाकारली असंही होत नव्हतं. गणितात या पोरीला मी नेहमी काठावर पास करत असे.

“शेवंते,” मी म्हणालो, “फळा सरकारी आहे. त्याच्यावर क्रमांक आहे. तपासणीला साहेब आले आणि त्यांनी विचारलं फळा कुठे, तर काय सांगू? पऱ्यात आहे?”

पोरं हसली. मला हशा मिळाला की मी पुढं जात असे. “आणि मग मी लिहू कशावर? तुझ्या पाठीवर?”

आणखी हसली. शेवंती हसली नाही. तिनं दोरी गुंडाळली आणि खाली बसली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पांगारीच्या केंद्रशाळेत शिक्षकांची सभा निघाली. पांगारी आंबशेतहून पायी तासाभराची वाट. सभा नऊला, अकराला संपणार. मी आदल्या दिवशी पोरांना सांगितलं, “उद्या शाळा बाराला भरेल. पलीकडच्यांनी साकवावर येऊन बसायचं. मी येईपर्यंत कुणी ओलांडायचं नाही.” आणि खालच्या वाडीतल्या, चौथीच्या कुंदाला बजावलं, “घड्याळात बारा वाजले की घंटा दे. मी तोवर येतोच.”

सभेत विस्तार अधिकारी होते. लठ्ठ, मायाळू गृहस्थ. माझ्याबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी मला पुढे बोलावलं. “हे सोनटक्के. दुर्गम भागातला तरुण शिक्षक. रोज स्वतः पाण्यात उभा राहून मुलं पार करतो. सोनटक्के, दोन शब्द बोला.”

मी वीस मिनिटं बोललो. दोन अर्ध्या साकवांची गोष्ट सांगितली. पालखी, ताटं, धुतलेलं धोतर. चाळीस मास्तर पोट धरधरून हसले. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दाजींची नक्कल मी दोनदा केली, कारण मागच्या बाकावरच्यांनी पहिल्यांदा ऐकली नव्हती. मग साहेब म्हणाले, आता जेवूनच जा, आणि मला स्वतःशेजारी बसवलं. वरणभात होता, शेवयांची खीर होती. डोंगरावर आभाळ काळं झालेलं खिडकीतून दिसत होतं. मी दुसऱ्यांदा खीर घेतली.

मी आंबशेतच्या उतरणीवर आलो तेव्हा सव्वा वाजला होता. पाऊस गावात नव्हताच, वर डोंगरात होता. पण पऱ्याचा आवाज बदलला होता.

वळणावरून पाहिलं. डावीकडच्या साकवावर दहा पोरं ओळीनं बसली होती. दप्तरं मांडीवर. कुणी रडत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. मी आता ‘पुढचा’ म्हणेन म्हणून बसल्यासारखी बसली होती. कातळाची फट भरून पाणी वाहत होतं, आणि काठानं माणसं खाली धावत होती.

कुंदा मला आडवी आली. तिचे दात वाजत होते. “गुरुजी, बारा वाजले म्हनून मी घंटा दिली. तुमीच सांगितलं होतंत.”

“हो.”

“पोरं सांगतात, शेवंती म्हनाली, घंटा झाली, म्हंजी गुरुजी आले. शाळेत बसले असतील. म्हनाली, मी उडी मारून जाते न् गुरुजींना बोलावून आनते. बाकीची बसा.”

“हो.”

“तिची उडी पोचली होती गुरुजी. पाय पोचला होता. लाकूड ओलं होतं.”

मी पळालो. दोन्ही वाड्यांचे पुरुष पाण्यात होते. दाजींचे दोन्ही मुलगे, भागोजींचा पुतण्या, लावणीच्या शेतातून चिखलासकट आलेली माणसं. हातात हात धरून त्यांनी पऱ्याच्या आडवी साखळी केली होती. कोण कुणाचा हात धरतो ते त्या वेळी कुणी पाहिलं नाही. साठीचे भागोजी गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि त्यांच्या कमरेला धरून मागं दाजी उभे होते.

चारच्या सुमाराला ती खालच्या कोंडीत, खोल डोहात सापडली. दाजींच्या थोरल्या मुलानं तिला उचलून आणलं. उचललेलं तिला चाललं.

सुंदरावहिनी काठावर बसून होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. कुणीच पाहत नव्हतं. भागोजी ओल्या अंगानं माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील. मी हात खाली सोडले. भागोजी म्हणाले, “गुरुजी, तुमी असतात तर झालं नसतं हो.”

मग दाजीही तेच म्हणाले. मग बायका म्हणाल्या. पुढचे कित्येक दिवस जो भेटेल तो मला तेच सांगत होता. गुरुजी असते तर झालं नसतं. सांत्वनासाठी सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी शाळा उघडली. फळ्याच्या खुंट्या उपटल्या. फळ्यावर दोन दिवसांपूर्वीचा सुविचार होता, तो तसाच ठेवून फळा डोक्यावर घेतला आणि पऱ्याकडे निघालो. जड होता. मान खाली घालून चालावं लागत होतं, म्हणून साकवाशी पोचेपर्यंत मला समोरचं दिसलं नाही.

दिसलं तेव्हा मी थांबलो. दाजी आणि भागोजी साकवावर होते. मधे जोडफळी. एक टोक दाजींच्या खांद्यावर, एक भागोजींच्या. कोण कुणाला बोलवायला गेलं हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. दोघांनी वाकून फळी ठेवली. दाजींनी तिच्यावर पाय देऊन पाहिला. भागोजींनी पाय देऊन पाहिला. नारळ नव्हता, देवाला गाऱ्हाणं नव्हतं. दोघंही आपापल्या वाटेनं गेले.

मी फळा डोक्यावर घेऊन वाटेत उभा होतो. मग वळलो, शाळेत गेलो आणि तो पुन्हा भिंतीला लावला. गुरुजींनी फळा कशाला नेला होता, हे मला कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर मी तिथं पाच वर्षं काढली. बदलीचा हुकूम दोनदा आला, दोनदा रद्द करून घेतला. लोक म्हणत, गुरुजींचा जीव गुंतलाय. मग आई आजारी पडली आणि मला घाटावर यावंच लागलं.

बावीस वर्षांनी ग्रामपंचायतीचं पत्र आलं. पऱ्यावर सिमेंटचा पूल झाला होता. उद्घाटनाला मोठे साहेब येणार होते, आणि फीत कापताना शेजारी आपण असावं, हा मान आपलाच, असं सरपंचांनी लिहिलं होतं. पूल मार्चमध्येच तयार झाला होता, पण साहेबांची तारीख मिळता मिळता जूनचा तिसरा आठवडा उजाडला. पूल झाला म्हणून त्या वर्षी साकव कुणी घातला नव्हता.

मी गेलो. दाजी आणि भागोजी दोघंही आता नव्हते. दाजींचा मुलगा आणि भागोजींचा पुतण्या मंडपात शेजारीशेजारी बसून खुर्च्या मोजत होते. मला शाल दिली, पुढच्या रांगेत बसवलं. पुलाच्या खालच्या वाडीकडच्या तोंडाला लाल फीत बांधलेली होती, दोन्हीकडे झेंडूची माळ. साहेबांची वेळ नऊची होती. साडेदहा होत आले तरी गाडीचा पत्ता नव्हता.

सुंदरावहिनी मागं बायकांत बसली होती. केस पांढरे झाले होते. मी उठून तिच्यापाशी गेलो आणि जमिनीवर बसलो. शाल घातलेला माणूस जमिनीवर बसला म्हणून बायका सरकल्या.

“कसे हायत गुरुजी?”

“बरा आहे. वहिनी, एक सांगायचं राहिलंय.”

“सांगा की.”

“शेवंतीनं मला सांगितलं होतं. फळा टाका म्हणून. दोरीनं मोजून आणलं होतं तिनं. मी नाही म्हटलं. सरकारी आहे म्हटलं. सगळ्यांना हसवलं.”

ती समोर पाहत होती.

“सरकारी होता, हे खरं. पण कारण ते नव्हतं. फळा टाकला असता तर दुसऱ्या दिवसापासून मला त्या पाण्यात कुणी बघायला आलं नसतं. मला तिथं उभं राहायला आवडत होतं वहिनी. दाजी-भागोजींना मी नावं ठेवली. त्यांच्या नकला केल्या. तिथं दोन मानकरी नव्हते, तीन होते.”

मंडपात कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो.

“दोरी आमच्या बाजेची,” ती म्हणाली. “बाज सोडून नेलीन. सांजेला मला म्हनाली, आये, गुरुजी नाय म्हनाले. उद्या परत इचारू? मी म्हटलं, नाय. एकदा नाय म्हनाले ना? परत इचारलंस तर गुरुजींना वाटेल, ही कोन मोठी शानी लागून गेली. येवढं करतात आपल्यासाठी. तेंचा मान ऱ्हायला पायजे.”

मी खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली.

“फळा डोईवर घेऊन आलात तवा मी समोरच्या काठाला होते,” ती म्हणाली. “तवा बोलनार होते मी. पन तुमाला बोल लावायचा तर मला पन लावायला लागला असता.”

तेवढ्यात पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. शाळेची वेळ झाली होती. पलीकडच्या वाडीची पंधरा-वीस पोरं पुलाच्या त्या तोंडाशी येऊन थांबली होती आणि एक ओव्हरसियर हात पसरून त्यांना अडवत होता. “साहेब येईपर्यंत पुलावर पाय ठेवायचा नाही. उद्घाटन व्हायचंय.”

“शाळंला उशीर व्हतोय.”

“मग जा खालनं. रोज जाता तसे.”

पोरं वळली आणि काठाची घसरण उतरू लागली. पहिली दोन पाण्यातल्या दगडांवर पोचलीसुद्धा. पाऊस वर डोंगरात होता की नव्हता, मला इथून दिसत नव्हतं. मी उठलो. शाल पायात आली.

सुंदरावहिनी माझ्या आधी पोचली होती. तिनं पुलाच्या तोंडाशी जाऊन ती लाल फीत एका हातानं वर उचलून धरली आणि पलीकडे बघून असा आवाज दिला, की मंडपातला माइक गप्प झाला.

“ए पोरांनो! वर या. वरनं या!”

ओव्हरसियर पुलावरून धावत आला. “अहो बाई, काय करता? साहेब यायचेत अजून!”

“येऊ देत की,” सुंदरावहिनी म्हणाली. “पूल काय पळून जातोय?”

दाजींचा मुलगा उठला होता. भागोजींचा पुतण्या उठला होता. सरपंच माझ्याकडे पाहत होते. सगळेच माझ्याकडे पाहत होते; गुरुजी काय म्हणतात म्हणून. मी फितीपाशी वाकलो. फितीची माझ्या बाजूची गाठ कठड्याला बांधलेली होती. ती पक्की होती, नखांनी सोडवायला वेळ लागला. सुटली तशी फीत पुलावर पडली.

पोरं पाण्यातून वर चढली आणि पुलावरून आमच्याकडे यायला लागली. आधी चालत आली. मग त्यांतली एक पळायला लागली, म्हणून सगळीच पळायला लागली.